कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा

इलुलिसात, जानेवारी. सकाळचे दहा वाजलेत
आणि दवाखान्याच्या खिडकीत अजून निळा अंधार.
मी दुभाषी. दोन भाषांच्या मध्ये स्टुलावर बसते.
दोन्हीकडच्यांना मी नाहीच असं वाटलं
की समजायचं, काम नीट झालं.

समोर उल्लोरिआक, वय अठ्ठावन्न.
बसलाय म्हणणं धाडसाचं, खुर्चीच्या कडेला नुसता टेकलाय.
डावी मांडी दोन्ही हातांनी धरलीय,
कुणाची तरी पिशवी सांभाळायला घेतल्यासारखी.

डॉक्टर बोदिल सहा आठवड्यांसाठी डेन्मार्कहून आलेली.
तिनं पडद्यावर पेन टेकवलं:
कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडावरून पुढे सरकलाय.
सहा मिलिमीटर.

सरकलाय म्हणजे कसा?
माझ्यापाशी शब्द तीन-चार.
एक ओल्या खडकावरून निसटलेल्या पावलाचा.
एक किनारा सोडून निघालेल्या बर्फाचा.
एक उतारावर आपल्याच कुत्र्यांच्या अंगावर जाणाऱ्या स्लेजचा.
मी स्लेजचा घेतला.
त्याचा चेहरा उतरला. बरोबर शब्द निवडला होता मी.

मग तिनं तिरका फोटो लावला.
"इथे कुत्रा दिसतो बघा. हे नाक, हा कान, हा पुढचा पाय.
आणि मानेवर ही काळी रेघ, पट्टा बांधल्यासारखी.
ती असायला नको होती.
तिथे हाड तुटलंय. फार जुनं. बहुधा लहानपणीच."

उल्लोरिआक पुढे वाकला,
दुखतंय हे विसरून.
बराच वेळ पाहत राहिला, विकत घ्यायचा असल्यासारखा.
"हा आपल्याकडचा नाही," म्हणाला.
"पाय आखूड. हा काय ओढणार?"

मी भाषांतर केलं. बोदिल हसली.
तो हसला नाही.
"नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून
बर्फाच्या भोकातून हॅलिबटची दोरी ओढतोय.
इतकी वर्षं हा पाठीत बसून, आणि कधी भुंकला नाही?"

"भुंकला असेल," मी म्हणाले, "तू कामात होतास."

हे कुणीच बोललं नव्हतं. माझं मीच बोलले.
नियमात बसत नाही.
बोदिल वाट पाहत होती; तिला मी सांगितलं,
तो म्हणतोय, उपाय काय?

उपाय: स्लेज उचलायची नाही.
वाकून ओढायचं नाही, पाठ मागे ताणायची नाही.
गोळ्या जेवणानंतर. पोटाचे स्नायू घट्ट करायचे,
मणक्याला पुढून आवळून धरणारे तेवढेच.
तीन महिन्यांनी पुन्हा फोटो.
पाऊल लुळं पडलं, लघवीचं भान गेलं,
तर त्याच दिवशी विमान. मग स्क्रू, सळया,
दोन हाडांचं एक हाड.

तो म्हणाला, सीलची पाठ मी हजारदा उघडलीय.
मणके सोडवून पोरांना खेळायला दिलेत.
एकदाही विचारलं नाही त्याला,
कुठला दुखत होता.

हे मी भाषांतर केलं नाही.

"बरा होईन का?"
बोदिलनं खांदे किंचित उचलले,
आणि सहा आठवड्यांत शिकलेला आमचा एकमेव शब्द
स्वतःच वापरला: "इमाका."
कदाचित.
माझी गरज लागली नाही.

एप्रिलमध्ये तो मला बर्फावर दिसला.
भोकाशी भाचा, दोरी भाच्याच्या हातात,
आणि उल्लोरिआक स्लेजवर, रेनडिअरच्या कातड्यावर उताणा,
गुडघे दुमडलेले, पोट आत.
बारा कुत्री बसून त्याच्याकडे बघतायत:
स्लेजवर चढला खरा, पण निघा म्हणत नाही.

तो मोजत होता. पंधरा वेळा करायचंय.
आमचे आकडे बाराला संपतात,
पुढचे डॅनिशकडून उसने.
बारापर्यंत त्याचा आवाज बसका, घरातल्यासारखा.
तेराला जीभ जरा अडखळली,
मग त्यानं श्वास सोडला
आणि पलीकडच्या भाषेत
चौदा म्हणाला.